फुंकणीची सवय आणि स्पायरोमेट्री

पन्नाशी-साठीतली बाई 'दम लागस' म्हणत दवाखान्यात आली की चिठ्ठीवर बहुतेक दमा, रक्त कमी किंवा वय झालं, यांपैकी काहीतरी पडतं. ती बिडी-सिगारेट ओढत नाही, मग सीओपीडी (श्वासनलिकांत कायमचा अडथळा येणारा फुप्फुसाचा आजार) कुठून असणार, असा हिशेब. पण तिने तीस-चाळीस वर्षं पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात काढलेली असतात. भरताची वांगी पऱ्हाट्यांवरच भाजायची, मांडे खापरावरच करायचे. गॅस घरात आला तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून अनेक घरांत चुलीवरच होते. म्हणून 'धूम्रपान करता का?' एवढ्यावर थांबू नये. चूल किती वर्षं, दिवसाला किती तास, धूर जायला वाट आहे का, हे विचारावं. कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलंय का, हेही.

चुलीच्या धुराने होणारा आजार सिगारेटच्या आजाराची हुबेहूब नक्कल नसतो. मेक्सिकोत लाकडाच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या बायकांवर बराच अभ्यास झालाय. त्यांच्यात वायुकोश फाटून फुप्फुस फुगण्याचं प्रमाण कमी आणि बारीक श्वासनलिकांभोवती व्रण धरण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्यामुळे छातीचा फोटो जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो, आणि 'फोटो नॉर्मल आहे' म्हणून बाईला घरी पाठवलं जातं. निदान फोटोवर होत नाही, फुंकून होतं.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात फुंकून करायच्या या तपासणीत, दोन आकडे महत्त्वाचे. छाती भरून घेतलेली हवा जोरात सोडल्यावर एकूण किती निघाली ते एफव्हीसी, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती निघाली ते एफईव्ही-वन. श्वासनलिका रुंदावणारं औषध दिल्यानंतरही एफईव्ही-वन भागिले एफव्हीसी ०.७० च्या खाली राहिलं, तर अडथळा कायमचा आहे.

इथे फुंकणीची सवय आडवी येते. चूल फुंकताना गाल फुगवून, थोडी-थोडी, थांबून-थांबून हवा सोडायची असते. स्पायरोमेट्रीत नेमकं उलटं हवं. ओठ माउथपीसभोवती घट्ट, गाल आत, पहिला झटका जोराचा, आणि मग हवा संपेपर्यंत सोडत राहायचं. तंत्रज्ञाने आधी स्वतः करून दाखवावं, मग शेजारी उभं राहून मोठ्याने बोलावं: 'माय, श्वास भरा, अजून भरा... आता फुंका! फुंका, फुंका, थांबू नका, अजून आहे आत!' छाती भरल्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू देऊ नये. निघालेल्या हवेचा यंत्रावरचा आलेख सपाट होऊन एक सेकंद गेला किंवा १५ सेकंद झाले, की फुंक पूर्ण.

अर्धवट फुंक कशी फसवते ते बघा. बाईची खरी एफव्हीसी २.० लिटर आणि एफईव्ही-वन १.२ लिटर, म्हणजे गुणोत्तर ०.६०. आजार आहे. तीच बाई तिसऱ्या सेकंदाला थांबली आणि एफव्हीसी १.६ लिटरच नोंदली गेली, तर गुणोत्तर ०.७५. कागदावर ती निरोगी! म्हणून रिपोर्टमधला आकडा वाचण्याआधी आलेखाचं शेपूट बघायचं. ते सपाट न होता तुटलं असेल, तर त्या 'नॉर्मल'ला काही किंमत नाही.

बाकीची तयारी थोडक्यात. रोज ३ लिटरच्या सिरिंजने यंत्र तपासायचं, फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. उंची चपला काढून मोजायची, पाठीला बाक असेल तर हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत माप घ्यायचं. कमरेची साडीची गाठ सैल करायला सांगायची, नाकाला क्लिप लावायची. चांगल्या तीन फुंका हव्यात आणि त्यांतल्या उत्तम दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. आठ प्रयत्नांत जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोलवावं. मग स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, एकेक करून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा सगळं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात खोलीचं तापमान यंत्रात बरोबर भरलंय का ते पाहावं; शक्यतो तपासणी सकाळीच उरकावी.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर आधी थुंकीची टीबीची तपासणी, फुंकणं नंतर. मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा हृदयविकाराचा झटका नुकताच झाला असेल तरी थांबावं. टीबी बरा झालेल्या माणसाच्या फुप्फुसातही असाच अडथळा राहू शकतो, म्हणून जुनी औषधोपचाराची चिठ्ठी मागायलाच हवी.

उपचारांबद्दल एक गोष्ट मनाला लागते. २००७ चा टॉर्च आणि २००८ चा अपलिफ्ट, सीओपीडीच्या प्रत्येकी सुमारे सहा हजार रुग्णांवर इनहेलरची औषधं तपासणारे हे दोन मोठे अभ्यास, पण दोन्हींत धूम्रपानाचा इतिहास असणारेच घेतले होते. चुलीपुढची बाई त्यांत बसतच नव्हती. त्यांचे निष्कर्ष आपण तिला लावतो, दुसरा इलाज नाही. पण ते तिच्यावर तपासलेले नाहीत, हे लक्षात असू द्यावं. अपलिफ्टमध्ये टायोट्रोपियम या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाने आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले, फुप्फुसाची घसरण मात्र थांबली नाही. टॉर्चमध्ये इनहेलरमधल्या स्टिरॉइडने न्यूमोनिया वाढला. म्हणून स्टिरॉइडचा इनहेलर सरसकट नको. वारंवार आजार बळावतोय आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मायक्रोलिटरमागे ३०० च्या वर आहेत, अशांना त्याचा फायदा जास्त.

औषधाइतकंच ते घेण्याचं तंत्र महत्त्वाचं. रोटाकॅप (इनहेलरमध्ये घालून ओढायची पावडरची कॅप्सूल) गिळणारे रुग्ण आजही भेटतात. कॅप्सूल दिसली की पाण्याबरोबर घ्यायची, हे डोक्यात पक्कं असतं. पावडरच्या इनहेलरला जोराचा श्वास लागतो, पफच्या इनहेलरला सावकाश. पफ घेतल्यावर दहा सेकंद श्वास रोखायचा. स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायचं.

दम एकदम वाढला तर प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम पाच दिवस पुरतं. स्वित्झर्लंडमधल्या २०१३ च्या रिड्यूस अभ्यासात पाच दिवस चौदा दिवसांपेक्षा कमी पडले नाहीत. तरीही महिनोन्महिने गोळ्या चालू ठेवलेल्या दिसतात, आणि साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. दम वाढलेला असताना ऑक्सिजनही मोजून द्यावा, रक्तातली त्याची पातळी ८८ ते ९२ टक्के राहील एवढाच. जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो.

घरी ऑक्सिजन लावायचा तो विश्रांतीतही पातळी खूप खाली असणाऱ्यांनाच, आणि मग दिवसाला किमान १५ तास; १९८० आणि १९८१ च्या अभ्यासांत अशाच रुग्णांचं आयुष्य वाढलं. पातळी थोडीच कमी असेल तर फायदा नाही, हे २०१६ च्या अभ्यासात दिसलं. मशीन घरी नेण्याआधी चूल कुठे आहे ते विचारावं. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत चूल, निरांजन, उदबत्ती काहीच नको, आणि नळी नाकात असताना त्या बाईने भाकरी थापायला चुलीपुढे बसायचं नाही, हे सुनेला आणि मुलाला समोर बसवून सांगावं लागतं.