तुम्ही विचारलंत म्हणून: ते देऊळ आपलंच ना?

चंपासाकला राहून आले म्हटलं की दुसऱ्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. दक्षिण लाओसमध्ये मेकाँगच्या काठाला धरून पसरलेलं हे गाव. रस्ता म्हणाल तर मुख्य असा एकच. तिथून थोड्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्यापासून वर चढत गेलेलं वाट फू, म्हणजे कंबोडियाच्या ख्मेर राजांच्या काळातलं शिवमंदिर. २००१ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. डोंगराचा सुळका लिंगासारखा दिसतो, म्हणून जुनं नाव लिंगपर्वत. पाचव्या शतकातल्या देवानीक राजाचा संस्कृत शिलालेख जवळच सापडला, त्यात इथल्या तीर्थाला चक्क कुरुक्षेत्र म्हटलंय. इथवर ऐकलं की विचारणाऱ्याची छाती फुगते.

पण गाव बौद्ध आहे. गाभाऱ्यात आता बुद्ध बसलाय, आणि आमच्या घरमालकीणबाईंना त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांना मी ‘मे’ म्हणायचे, म्हणजे आईच. त्यांचा दिवस देवळाने नाही, भाताने सुरू व्हायचा. चिकट तांदूळ रात्री भिजत घालायचा, पहाटे बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवायचा, त्यातला पहिला गरम घास दारावरून जाणाऱ्या भिक्खूंच्या पात्रात. मी पहिल्या आठवड्यात तो तांदूळ आपला नेहमीसारखा कुकरला लावला. तीन शिट्ट्यांनंतर जे निघालं त्याने पतंग चिकटवता आले असते. मे पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन आल्या. रस्त्यात कोणी भेटलं की ‘किन खाव लेव बो?’ विचारायचं, म्हणजे ‘जेवलात का?’ हे मात्र मला शिकावं लागलं नाही.

वाट फूच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या, दोन्ही बाजूंना चाफा. तोच, आपला देवचाफा, लाओसचं राष्ट्रीय फूल. वर गाभाऱ्याच्या मागे कड्यातून झरा पाझरतो. एके काळी ते पाणी दगडी पन्हळीतून थेट लिंगावर पडायचं. आज लिंग जागेवर नाही, झरा आहे.

मेंच्या मुलाने नवी स्कूटर घेतली तेव्हा आम्ही तिघं वर गेलो. मेंनी झऱ्याखाली पाण्याची रिकामी बाटली धरली, भरायला बराच वेळ लागला. थोडं पाणी आधी स्वतःच्या डोक्यावर घेतलं, मग माझ्या. गुडघे दुखत होते तरी बाटली कोणाच्या हातात दिली नाही. खाली येऊन हँडलवर, सीटवर, दोन्ही चाकांवर शिंपडलं.

मी विचारलं, हे पाणी कुणाचं, बुद्धाचं की शिवाचं?

‘डोंगराचं,’ त्या म्हणाल्या, आणि उरलेलं इंजिनवर ओतलं.