जुन्या सायकलला नवे कप

आजचा अर्धा रविवार परभणीत चाचांच्या दुकानात गेला. आजोबांची काळी सायकल, रंग गेलाय पण सांगाडा ठणठणीत. हँडलचे आणि पायडलच्या एक्सलचे कप, म्हणजे बेअरिंगचे छर्रे ज्यांत फिरतात त्या वाट्या, मात्र पार खाल्लेले, नख फिरवलं तरी छर्‍यांचे खड्डे लागायचे.

चेनकडचा कप काढायला दुकानातलं पोरगं पान्याला लटकलं होतं. चाचा म्हणाले, "अरे, तिकडं उलटे आटे हाएत. घड्याळासारखं फिरव, सुटंल." सुटला की लगेच! पायडल मारता मारता तो कप सैल होऊ नये म्हणून ही उलटी चाल.

हँडलचे कप बहुतेक ठिकाणी लाकूड ठेवून हातोडीनं ठोकतात. चाचांनी नळीतून लांब बोल्ट घातला, दोन्हीकडं जाड वायसर, आणि नट आवळत कप तसूतसूनं सरळ आत ओढले. तिरका बसला असता तर हँडल अडकलंच असतं. मग ग्रीस, त्यात एक्सलला दोन्हीकडं 11-11 पाव इंची छर्रे.

नव्या महागड्या सायकलींत बंद बेअरिंग, खराब झालं की अख्खंच फेका. मला तरी हे पटत नाही.

आता रॉडवाल्या ब्रेकचे गट्टे हवेत. कुणाकडं जुना जोड पडून असेल तर कळवा.