पाच लुगड्यांची गोधडी

माणसं माझ्याकडे घरातल्या जुन्या साड्या पाठवतात आणि मी त्यांच्या गोधड्या शिवून परत पाठवते. इंदूरच्या लोकमान्यनगरात, आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी आणि माझ्या जाऊबाई, दोघीच बसतो. अस्तर आणि दोरा शीतलामाता बाजारातून आणतो, धावदोरा हातानंच घालतो. ऑर्डरी बहुतेक पुणे, नाशिक, ठाण्याच्या. त्यामुळे आमचं निम्मं काम शिवणाचं आणि निम्मं पार्सलचं.

मागच्या पावसाळ्यात एक पार्सल हरवलं. कोथरूडच्या एका बाईंनी त्यांच्या आईची पाच लुगडी पाठवली होती. आई जाऊन वर्ष झालेलं. एक जांभळं, रुईफुली काठाचं, इतकं मऊ झालेलं की सुई घालताना हात जपून चालवावा लागायचा. अठरा दिवसांत गोधडी झाली. ती मी एका कुरिअरनं पाठवली आणि चौथ्या दिवशी मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ आलं. संध्याकाळी बाईंचा मेसेज आला: ‘ताई, गोधडी कधी निघतेय?’

त्यानंतरचे दोन दिवस मी जे केलं त्याचा मला अजून त्रास होतो. मी त्यांनाच विचारत राहिले. वॉचमनकडे बघितलंत का? शेजारी दिलं असेल का? घरातल्या कुणी घेतलं असेल का? तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘मी खोटं बोलतेय असं वाटतंय का तुम्हाला?’ मला तसं वाटत नव्हतं. पण मी दुसऱ्या कुणाला काही विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांना तसं वाटणं बरोबरच होतं.

पार्सल पोचल्याची नोंद दिसते आणि गिऱ्हाईक नाही म्हणतं, तेव्हा पहिला प्रश्न पोचवणाऱ्याला विचारायचा: सही दाखवा, फोटो दाखवा, कुठल्या दारात दिलं ते सांगा. मी हे तिसऱ्या दिवशी मागितलं. सहीच्या जागी एक आडवी रेघ होती. फोटोत हिरवं लोखंडी फाटक होतं आणि बाईंच्या सोसायटीला तसं फाटकच नाही. तो फोटो पहिल्याच संध्याकाळी मागवला असता तर कदाचित पार्सल त्या फाटकापाशी सापडलं असतं. तिसऱ्या दिवशी तिथं कुणालाच काही आठवेना. बाईंचे भाऊ स्वतः जाऊन विचारून आले.

भरपाईचं तर बोलायलाच नको, कारण चूक माझी होती. पार्सलची किंमत मी फॉर्मवर ८०० रुपये लिहिली होती, विमा घेतला नव्हता. पावतीच्या मागे बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं, ते मी तोवर कधी वाचलं नव्हतं. सव्वा महिन्यानं ८०० रुपये आले. बाईंचे शिलाईचे ३,२०० मी त्याआधीच, फोटो हाती आला त्याच दिवशी परत केले होते. भरपाई आली की देऊ, असं अजिबात करू नये. पावती आपल्या नावाची, तक्रार आपण करायची, भांडणही आपलं. गिऱ्हाइकानं त्यासाठी का थांबावं?

पैसे मिळाल्यावर बाईंनी फक्त ‘मिळाले’ एवढं लिहिलं. पाच लुगड्यांची किंमत कुठल्या फॉर्ममध्ये लिहिणार होते मी?

माझे बाबा आरएमएसमध्ये होते, म्हणजे रेल्वेच्या डाकडब्यात उभ्यानं पत्रं वेगळी करणारे. त्यांना सगळं सांगितलं तर ते रागावले नाहीत, कागद घेऊन बसले. पिनकोडवर त्यांचा फार जीव. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्याची मांडणी श्रीराम भिकाजी वेलणकरांची, जे संस्कृतचे कवीही होते, हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात. त्यांचं म्हणणं, ‘पहिले तीन आकडे गाडीचे, शेवटचे तीन पोस्टमनचे.’ ४११०३८ मधल्या तीनचा कुणी चार वाचला तर गोधडी कोथरूडऐवजी कोंढव्याला निघते. म्हणून प्रत्येक आकडा वेगळ्या चौकोनात, जाड पेनानं, आणि वर पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर पावसात शाई पसरते. पत्त्याचा दुसरा कागद पार्सलच्या आत. वरचं लेबल निघालं तर टपाल खात्यात असं पार्सल रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं, तिथं ते उघडून आत पाठवणाऱ्याचा पत्ता शोधतात. आत काहीच नसेल तर ते तरी काय करणार?

आता मी बहुतेक स्पीड पोस्टनंच पाठवते. तिथंही हरवण्याची साधी भरपाई थोडीच: टपालखर्चाच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातली जी रक्कम कमी ती. म्हणून विमा वेगळा घ्यायचा आणि किंमत खरी लिहायची. १ ऑक्टोबर २०२५ पासून ओटीपी सांगितल्यावरच पार्सल हातात देण्याची सोयही आहे, ५ रुपये आणि वर जीएसटी. मी ती प्रत्येक गोधडीला घेते. पावसाळ्यात ती असती तर त्या हिरव्या फाटकाशी कुणी ओटीपी कुठून सांगितला असता? काउंटरवरच वजनासकट पार्सलचा फोटो काढते आणि पावतीबरोबर गिऱ्हाइकाला पाठवते. तीन दिवस नोंद हलली नाही तर त्यांनी विचारायच्या आधी मीच कळवते, ‘अडकलंय, मी मागे लागलेय’ म्हणून.

त्या गोधडीचं मात्र एक राहिलं होतं. ऑगस्टच्या शेवटी मशिनीखालची पिशवी रिकामी करताना कात्रणं निघाली. जांभळ्याची दोन वीतभर पट्टी, हिरव्या काठाचे तुकडे, एका लुगड्याचा पदराकडचा कोपरा. पाचांपैकी चार लुगडी त्यात होती. जाऊबाईंनी आणि मी मिळून त्यांची उशीएवढी छोटी दुपटी शिवली. बाईंना आधी फोटो पाठवला नाही, उगाच आशा लावायची नव्हती. माझा भाचा पुण्यात शिकतो, त्याच्या हाती ती दिली आणि दारावर नाव विचारूनच दे म्हणून बजावलं. त्या रात्री बाईंचा फोन आला. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत, मीही नाही.

तेव्हापासून प्रत्येक साडीची चार बोटं रुंद पट्टी मी आधी कापून ठेवते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कागदावर नाव आणि तारीख घालून. गोधडी पोचली की ती पट्टीही मागून साध्या पाकिटातून पाठवून देते.

गेल्या महिन्यात कोथरूडहून पुन्हा पार्सल आलं. आत मावशीचं एक लुगडं होतं, मोतिया रंगाचं, आणि चिठ्ठी: ‘ताई, घाई नाही.’ मी पट्टी कापली, डब्यात ठेवली आणि मग अस्तर मापायला घेतलं.