झिपले आणि झिपलागळु

नवी मुंबईतल्या घणसोली गावात, चाळीतल्या दोन खोल्यांत आमची बालवाडी भरते. निम्मी मुलं आगरी घरांतली, बाकीची विजापूरकडून बांधकामावर आलेल्या मजुरांची आणि भोजपुरी बोलणाऱ्या रिक्षावाल्यांची.

बसू (नाव बदललंय) जूनमध्ये आला, तो दिवाळीपर्यंत वर्गात बोललाच नाही. घरी कन्नड. नवी भाषा अंगावर आली की पुष्कळ मुलं अशी काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. गप्प म्हणजे मठ्ठ नव्हे. कान चालू असतात. मग एखादं वाक्य अख्खंच्या अख्खं उचलतात, न फोडता. 'शूला जाऊ?', 'माझा नंबर', 'मना पन'. हे शेवटचं आगरी पोरांकडून आलेलं.

जानेवारीत पर्यवेक्षक मॅडम तपासणीला आल्या. सोबत वीस चित्रकार्डं. एकेका मुलाला टेबलापाशी बसवायचं आणि विचारायचं, "हे काय आहे?" छत्री, घड्याळ, जहाज, बदक. बसू कार्डांकडे न बघता मॅडमच्या ओळखपत्राच्या दोरीकडे बघत राहिला. वीसपैकी शून्य. मला तर वाटतं, चार वर्षांच्या मुलाला हा प्रश्नच पटत नाही. छत्री त्याला दिसतेय, मॅडमनाही दिसतेय, मग विचारतायत कशाला?

मधल्या सुट्टीनंतर आमचा बाजार भरतो. खडे म्हणजे बटाटे, बदामाची पानं म्हणजे पालक, बाटल्यांची बुचं म्हणजे सुट्टे पैसे. यात माझं डोकं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हापासून पानं, शिंपले, खडे हेच आपल्याकडच्या बालवाडीचं सामान. मॅडम फॉर्म भरत कोपऱ्यात बसल्या होत्या. बसू दुकानावर.

"ओ ताई, घ्या की! वीसला पाव, वीसला पाव!"

हेल थेट स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याचा. मुलं शब्दांच्या आधी सूर उचलतात, हे मी नेहमी बघते, तरी मलाही हसू आवरेना. मॅडमचं पेन थांबलं. तेवढ्यात सान्वी पानं परत घेऊन आली. "सरलेली हाय ही." म्हणजे सडलेली.

"मी नाय केलं," म्हणाला असता तर मी लक्षही दिलं नसतं. तो म्हणाला, "मी नाय करलं. उन्हाने करलं."

मॅडम न राहवून उठल्या. "केलं म्हण बाळा. उन्हाने केलं."

"हो, उन्हानेच करलं. वीस रुपये."

'करलं' आमच्या वस्तीत कुणी मोठं माणूस म्हणत नाही. म्हणजे हे ऐकून आलेलं नाही. धरलं, भरलं, मारलं यांवरून त्याने स्वतःच नियम काढला आणि 'कर'ला लावला. मराठी घरांतली मुलंही हेच करतात. आधी ऐकलेलं 'केलं' बरोबर म्हणतात, मग नियम सापडला की 'करलं', आणि पुढे पुन्हा 'केलं'. मधली पायरी बघून आईबाप घाबरतात, 'ताई, आधी नीट बोलायचा हो!' पालकसभेत हे समजावताना घसा कोरडा पडतो. त्या वयात टोकून उपयोग नसतो. मूल आपल्या बोलण्यातला अर्थ घेतं, दुरुस्ती तिथेच सोडून देतं. बसूने मॅडमचं घेतलं तसंच.

मॅडमना हे नुसतं सांगून पटलं नसतं. अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने मुलांना एक काल्पनिक प्राणी दाखवून त्याचं नाव 'वग' सांगितलं होतं, मग तसेच दोन दाखवून अनेकवचन विचारलं होतं. ते काम छापून आलं १९५८ साली. म्हटलं, आपणही करून बघू. फळ्यावर एक गोल काढला, त्याला तीन पाय. "हा कोण? हा झिपला." शेजारी अजून एक काढला. "आता हे दोन..."

"झिपले!" सगळा वर्ग. बसूचा आवाज सगळ्यांत मोठा.

शेपटी काढून तिला झिपली केलं. दोन झाल्यावर "झिपल्या!" हे शब्द त्या सकाळपर्यंत जगात कुणी त्यांना शिकवले नव्हते. मॅडम काही बोलायच्या आत सान्वीने विचारलं, "पन यो खातंय काय?" कुणी म्हणालं बिस्कुट, कुणी म्हणालं म्हावरा, आणि भांडण जुंपलं. व्याकरणाशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

फॉर्मवरचं शून्य मॅडमनी खोडलं नाही, रकाना तसाच आहे म्हणाल्या. मात्र शेऱ्याच्या जागी बसूची दुकानातली वाक्यं त्यांनी 'करलं'सकट लिहून घेतली.

साडेबाराला बसूची आई आली, साडीवर सिमेंट. माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे कन्नड कानावरची आहे. तिचं बोट धरून तो दिवसभराचं सांगत पायऱ्या उतरत होता. त्यात मध्येच आलं, "झिपलागळु". कन्नडमधलं अनेकवचन, बिनचूक. आईने विचारलं, झिपला म्हणजे काय रे? त्यावर तो थबकला, वळून मला म्हणाला, "ताई, उद्या त्याला कान काढा."