नडगीची मशागत
आज मुआय थायच्या (थायलंडचा लाथाबुक्क्यांचा खेळ) क्लासला सरांनी हेवी बॅगवर, म्हणजे टांगलेल्या जड पोत्यावर, नुसत्या लो किक (पायावर मारायच्या खालच्या लाथा) मारायला लावल्या. डावी नडगी काळीनिळी, मधोमध लिंबाएवढं टेंगूळ. मुआय थायमध्ये नडगी अशीच तयार होते, बॅगवर, महिनोन् महिने. हाड पडेल त्या भाराप्रमाणे घट्ट होत जातं, हे जर्मन सर्जन यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलंय. नडगी टणक व्हावी म्हणून तिच्यावर बाटली नाहीतर लाटणं फिरवणाऱ्या रील्सवाल्या बहाद्दरांना कोपरापासून नमस्कार!

घरी फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ धरला. तोवर आईने आंबेहळद उगाळलीच. "चोळून देऊ का रे?" म्हटलं, मुक्या माराला पहिले दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचंही नाही. लेप मात्र गुपचूप लावून घेतला.

उद्या फक्त पंचेस. हाडावर एकाच जागी कळ राहिली तर डॉक्टर.