तुबकालची प्रदक्षिणा: इफ्नी तलावाकाठची रात्र वगळू देऊ नका

अम्सूझेर्त गावाहून निघून त्याच दिवशी मोरोक्कोतल्या तुबकाल शिखराखालच्या रेफ्यूजवर, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरावर, पोहोचवतो असं कुणी म्हणालं, तर त्याला पैसे देऊ नका. पुढचं सगळं सावकाश वाचा, पण एवढं आधी लक्षात ठेवा.

2024 च्या सप्टेंबरअखेर आम्ही चौघांनी मोरोक्कोच्या हाय अ‍ॅटलास डोंगररांगेत पाच दिवसांचा ट्रेक केला. मी, नवरा, धाकटा दीर आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. चौघंही वर्षानुवर्षं सह्याद्रीत चालणारे. बुकिंग मराकेशमधल्या एका एजंटकडे केलं होतं. त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, 'गावागावांतून ट्रेक, रोज चार ते सहा तास, मध्यम'. चौथ्या दिवसासमोर होतं, 'अम्सूझेर्त, इफ्नी तलाव, रेफ्यूज. सहा तास.' आम्हाला साडेतेरा तास लागले.

आकडे बघा. अम्सूझेर्त साधारण 1740 मीटरवर आहे. तलाव 2300 च्या आसपास. तलावाच्या डोक्यावरची तिझी-न-वानूम्स ही खिंड 3600 मीटरच्या वर. म्हणजे एका दिवसात अठराशे मीटरहून जास्त चढाई. कळसूबाईच्या शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंचीच 1646 मीटर आहे. खिंडीतून परत चारशे मीटर उतरून 3207 मीटरवरच्या रेफ्यूजवर मुक्काम, आणि दुसऱ्या पहाटे 4167 मीटरचं शिखर. हे आकडे पुण्यात बसून, नकाशा उघडून, मीच बघायला हवे होते. 'सहा तास' या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला.

ही प्रदक्षिणा साधारणपणे सहा दिवसांत करतात. पायथ्याच्या इम्लील गावाहून निघून ताशेद्दिर्त, तिथून मोठी खिंड ओलांडून आझिब लिकेम्त, मग अम्सूझेर्त, मग इफ्नी तलावाच्या काठावर तंबूत मुक्काम, मग रेफ्यूज, आणि शेवटी शिखर करून खाली इम्लील. आमच्या एजंटने यातली तलावाकाठची रात्र काढून टाकली आणि तोच ट्रेक पाच दिवसांत बसवला. त्यामुळे तंबू, स्वयंपाकी आणि दोन खेचरं अम्सूझेर्तहून, म्हणजे जिथे गाडीरस्ता पोहोचतो तिथूनच परत पाठवता आली. वाचले ते पैसे त्याचे. आम्हाला सहा दिवसांचाच दर लावला होता, हे मराकेशला परतल्यावर दुसऱ्या दोन ठिकाणी विचारल्यावर कळलं.

आता एक शब्दाची गोष्ट. तिकडच्या सगळ्या जाहिरातींत 'बर्बर गावं' असं असतं. मराठीत बर्बर म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तिकडेही हा शब्द बाहेरच्यांनीच दिलेला आहे. ते लोक स्वतःला अमाझिघ म्हणतात, अनेकवचनी इमाझिघेन. या डोंगरात ताशेल्हित बोलतात. 2011 च्या राज्यघटनेपासून अमाझिघ ही अरबीबरोबर देशाची अधिकृत भाषा आहे, आणि पाट्यांवर तिची तिफिनाघ लिपी दिसते. मी तरी यापुढे तो बाहेरच्यांनी दिलेला शब्द वापरणार नाही. तिझी म्हणजे खिंड, आसिफ म्हणजे नदी आणि आझिब म्हणजे उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर गेलेल्यांचा दगडी वाडा, आपल्या धनगरवाड्यासारखा. एवढे शब्द पाठ केलेत तर नकाशा बराचसा वाचता येतो. 'तान्मीर्त' म्हणजे धन्यवाद. तो मात्र रोज वापरा.

पहिले तीन दिवस चांगले गेले, म्हणून थोडक्यात सांगते. इम्लीलहून तिझी-न-तामातेर्त (2279 मीटर) चढून ताशेद्दिर्त, सोपा दिवस, अक्रोडाची झाडं. दुसऱ्या दिवशी तिझी लिकेम्त, बाराशे मीटरचा सलग चढ, पण खेचरांच्या ये-जा करण्याने वाट पक्की झालेली आहे. एका लयीत चाललं तर त्रास होत नाही. आझिब लिकेम्तला तंबू, रात्री कडाक्याची थंडी. तिसऱ्या दिवशी आणखी एक खिंड आणि मग उतरत उतरत अम्सूझेर्त.

अम्सूझेर्तच्या घराबद्दल मात्र लिहायलाच हवं. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं, त्यावर काटक्या आणि माती, सपाट धाबं. माझं माहेर औसा तालुक्यातलं. आमच्याकडे याला माळवद म्हणतात. मी त्या खोलीत शिरले आणि आजीच्या घराचा गारवा, तोच वास. घरातल्या बाईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. त्या मातीच्या भट्टीत भाकरी भाजत होत्या. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. मी छताकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. त्यांना कळलं. त्यांनी भिंतीतली एक भेग दाखवली, खालपासून वरपर्यंत गेलेली, नव्या मातीने बुजवलेली.

8 सप्टेंबर 2023 च्या रात्री या डोंगरात 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला. जवळजवळ तीन हजार माणसं गेली. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला जे झालं ते मी लहानपणी जवळून पाहिलं आहे. तिथेही पहाटे, माणसं झोपेत असताना, याच जाड दगडी भिंती आणि मातीची जड छपरं अंगावर आली. गाडीतून मराकेशकडून येताना आम्हाला रस्त्याकडेला वर्षभरानंतरही तंबू दिसले, लोक त्यात राहत होते. फोटो काढायला गाडी थांबवू नका. पैसे खर्च करायचे तर गावातल्या घरात राहून, तिथेच जेवून करा.

त्या रात्री जेवणानंतर आमचा गाईड म्हणाला, "उद्या उजाडताच निघू. दिवस लांब आहे." किती लांब ते त्याने तेव्हा सांगितलं, आणि तंबू परत गेल्याचंही. हे त्याने इम्लीललाच सांगायला हवं होतं, तिथे आम्ही एजंटशी भांडून एक दिवस वाढवून घेतला असता. तो उत्तम गाईड होता. पुढच्या दिवशी त्यानेच आम्हाला सुखरूप नेलं, पण ही गोष्ट मी त्याला माफ केलेली नाही.

सव्वासातला निघालो. तलावापर्यंत चार तास. शेवटी एका प्रचंड दगडी ढिगाऱ्यावर चढावं लागतं. दरड कोसळून नदी अडली आणि त्यातून हा तलाव झाला, तोच हा बांध. वर गेल्यावर समोर एकदम गडद निळंहिरवं पाणी आणि चहूबाजूंनी उघडे डोंगर, झाड नाही. काठावर दगडी खोपटात एकजण सोडा विकत होता. इथे तुम्ही बूट काढायचे, पाय पाण्यात सोडायचे, आणि दुपारभर झोपायचं. हाच त्या जागेचा उपयोग. आम्ही पाऊण तासात भाकरी आणि ऑलिव्ह खाऊन उठलो.

तलावाच्या पलीकडे आधी पांढऱ्या दगडगोट्यांचं रुंद कोरडं पात्र लागतं. सपाट दिसतं, पण पाय मुरगळणारं आहे. मग घळ अरुंद होते. मग घसारा. आपल्याकडे घसाऱ्याच्या नळ्या, म्हणजे अरुंद उभ्या घळी, आहेत, आम्ही अनेक उतरलो आहोत, पण त्या तीनशे-चारशे मीटरच्या. इथे तलावापासून खिंडीपर्यंत तेराशे मीटर, आणि वरचा अर्धा भाग निव्वळ सुटा दगड. पाऊल टाकायचं, अर्धं खाली यायचं, परत टाकायचं. खेचरांची नागमोडी वाट आहे, पण कित्येक वळणांवर ती वाहून गेलेली होती. वरून दुसरा एक गट उतरत होता. त्यांच्या पायाखालून सुटलेला नारळाएवढा दगड दिराच्या दोन हात अंतरावरून गेला. यानंतर गाईडने आम्हाला एकमेकांच्या बरोबर खाली न ठेवता तिरकं चालवलं. तुम्ही हे पहिल्यापासून करा.

पाणी संपलं ते साधारण चार वाजता. तलावावर प्रत्येकी दोन लिटर भरलं होतं, तीन भरायला हवं होतं. वरच्या टप्प्यात आम्हाला कुठे पाणी मिळालं नाही.

मैत्रिणीचं डोकं 3200 च्या आसपास दुखायला लागलं. आधी तिने सांगितलं नाही. दर पन्नास पावलांवर ती काठीवर कपाळ टेकून उभी राहायची. परत तलावावर उतरायचं तर तिथे ना तंबू ना जेवण, आणि वर जायचं तर अजून चारशे मीटर. या जागी आम्ही सगळे बसलो आणि मी रडले. थकव्याने नाही, रागाने. एका माणसाने मराकेशमध्ये खुर्चीत बसून एक ओळ खोडली, आणि त्यामुळे माझ्या मैत्रिणीला परतीची वाट उरली नव्हती.

खिंडीत पोहोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. वारा इतका की बोलणं ऐकू येत नव्हतं. सव्वासातच्या आत सूर्य मावळला आणि उरलेला उतार हेडटॉर्चवर केला. गाईडने तिला पुढून धरलं, नवऱ्याने मागून. पावणेनऊला रेफ्यूज. ती जेवली नाही, रात्री दोनदा उलटी झाली. आदल्या रात्री 1740 वर आणि या रात्री 3207 वर झोपल्यावर दुसरं काय होणार? तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा हिमालयात आपण पाळतो तो नियम अ‍ॅटलासलाही लागू आहे.

त्या अवस्थेत काउंटरवर कळलं की आमच्या बंकचे पैसे एजंटने भरलेलेच नाहीत. 'राहणं, जेवण सगळं धरून' असं त्याने लेखी दिलं होतं. रेफ्यूजवाल्यांचा दोष नाही, त्यांनी आम्हाला आधी चहा दिला आणि मग वही दाखवली. चौघांचे मिळून नऊशे दिरहॅम आम्ही तिथेच रोख भरले. मराकेशला परतल्यावर दीड तास त्याच्या ऑफिसात बसून राहिलो तेव्हा सहाशे परत मिळाले. म्हणून सांगते, प्रत्येक मुक्कामाचं नाव आणि 'पैसे भरले आहेत' हे दोन्ही कागदावर घ्या, आणि तरीही प्रत्येकी हजारएक दिरहॅम रोख जवळ ठेवा. ते मराकेशमध्येच काढा. डोंगरात एटीएम शोधू नका.

शिखरावर मी आणि नवरा गेलो. दीर मैत्रिणीजवळ थांबला. आदल्या रात्री मी ठरवलं होतं की आता एक पाऊलही वर टाकणार नाही, आणि पहाटे पाचला बूट कधी चढवले तेही आठवत नाही. दक्षिणेकडच्या घळीतून वाट आहे, तीही घसाऱ्याचीच, पण गर्दीने पक्की झालेली. साडेतीन तासांत वर. लोखंडी तिकाटणं, तुफान वारा, आणि दक्षिणेला डोंगर उतरत उतरत धुरकट पिवळ्या रंगात विरून जाताना दिसतात. उत्तर आफ्रिकेत याहून उंच जागा नाही. मी नवऱ्याला मिठी मारली आणि म्हणाले, कालचा दिवस परत करायला लागला तरी करीन. आज टेबलावर बसून लिहिताना म्हणते, करणार नाही. पण तुबकाल करा. नक्की करा.

उतरताना त्याच दिवशी शिखरावरून इम्लीलपर्यंत चोवीसशे मीटर खाली यायचं असतं, गुडघ्यांची कसोटी आहे. मैत्रिणीसाठी खेचर केलं. आधी दोनशे सांगितले, सिदी शमहारूशच्या दर्ग्यापाशी पोहोचल्यावर पाचशे मागितले. गाईडने मध्ये पडून तीनशेवर मिटवलं. खेचरावर बसण्याआधी 'कुठपर्यंत' आणि 'किती' हे दोन्ही गाईडकरवी बोलून घ्या. दर्ग्यात मुसलमानांखेरीज इतरांना प्रवेश नाही, पुलाजवळूनच पुढे जायचं. बाजूच्या टपऱ्यांवर संत्र्याचा रस मिळतो. तो प्या, मैत्रिणीच्या चेहऱ्यावर रंग आला तो तिथे.

आणखी काही गोष्टी. 2018 पासून तुबकालला गाईडशिवाय सोडत नाहीत. वाटेत चौक्यांवर पासपोर्ट बघतात, झेरॉक्सवर भागत नाही, मूळ पासपोर्ट वरच्या खिशात ठेवा. काठ्या दोन हव्यात, एक नाही. घसाऱ्यासाठी गेटर्स, म्हणजे बुटांच्या तोंडावर चढवायची आवरणं, घ्या, नाहीतर दर वीस मिनिटांनी बूट रिकामे करत बसाल. आमच्यात फक्त दिराकडे होते. शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून पुरत नाही. ताजीनमध्ये, म्हणजे तिकडच्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेल्या रश्श्यात, भाज्या बहुतेक वेळा मांसाबरोबरच शिजतात आणि वाढताना ते बाजूला काढून देतात. शाकाहारी ताजीन वेगळ्या भांड्यात करा, असं स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी सांगा. आमच्या स्वयंपाक्याने ते तीन दिवस मनापासून पाळलं, मसूर आणि भोपळ्याचं त्याने केलेलं ताजीन मी घरी दोनदा करून पाहिलंय. खेचरवाल्याला टीप त्याच्या हातात द्या, एजंटकडे देऊ नका.

आणि बुकिंग करताना एजंटला हे एक वाक्य लिहून पाठवा आणि त्याचं 'हो' लेखी घ्या: 'अम्सूझेर्तनंतरची रात्र इफ्नी तलावाच्या काठावर, तंबू, स्वयंपाकी आणि खेचरांसह.' तो म्हणेल की तुम्ही फिट आहात, गरज नाही. आम्हालाही तेच म्हणाला होता. अशा वेळी थेट इम्लीलमध्ये गाईड बघा. मराकेशपासून ते साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, शेअर टॅक्सीने दीड-दोन तासांत पोहोचता. मैत्रिणीचं शिखर राहिलंय, येत्या जूनमध्ये आम्ही दोघी तसंच करणार आहोत. तिने अट घातलीय: आधी तलावावर दोन रात्री.