मेणवलीचा घाट: पेस्टलच्या नोंदींवरून मेणाच्या फळीवर

जागेवरचं काम आता बहुतेक पुरं झालं आहे. वाईजवळच्या मेणवली घाटाच्या पेस्टल नोंदी ६ × ८ इंचांत तयार आहेत: सकाळचं तिरपं ऊन, ढगाळ दुपार आणि पाचनंतरचा पिवळसर उजेड. त्यांवरून १२ × १६ इंचांच्या फळ्यांवर एन्कॉस्टिक, म्हणजे वितळलेल्या मेणात रंग मिसळून करायचं चित्रण, सुरू झालं आहे. सकाळ आणि दुपारच्या फळ्यांवर थर चढलेत, संध्याकाळची अजून कोरी आहे. या टप्प्यात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो टोनने, म्हणजे रंगाच्या उजळ-गडदपणाने. पेस्टलमध्ये बरोबर धरलेला टोन मेणात जसाच्या तसा येत नाही, आणि किती बदलतो ते प्रत्येक रंगाचं वेगळं. त्याबद्दल खाली सविस्तर येईलच, पण आधी जागेविषयी.

घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे, त्यामुळे पायऱ्यांच्या रेषा समांतर दिसत नाहीत. प्रत्येक रेषेचा बाक थोडा वेगळा असतो आणि तोच चुकला तर पुढे कितीही चांगला रंग लावा, घाट सपाट भिंतीसारखा वाटतो. दुसरी अडचण पाण्याची. वर धोम धरण असल्याने कृष्णेची पातळी विसर्गाप्रमाणे वरखाली होते आणि पाण्याबाहेर दिसणाऱ्या पायऱ्यांची संख्या बदलते. म्हणून पायऱ्या पाण्यापासून वर मोजू नयेत. देवळाच्या जोत्यासारखी एखादी न हलणारी खूण धरून तिथून खाली मोजाव्यात. घाटाच्या बेसॉल्ट दगडाला काळा म्हणून रंगवण्याचा मोह आवरावा. उन्हात तो जांभळट राखाडी दिसतो, सावलीत निळा-हिरवा, आणि ओल्या पायरीवर तर आकाशाचाच रंग असतो. पेस्टलची काळी कांडी शेवटच्या दोन-तीन फटींपुरतीच लागते.

उभं राहण्याआधी दोन-तीन इंचांचं कोळशाचं तीन टोनांचं रेखाटन करून घ्यावं: उजेड, मधला, सावली. मग मोठ्या कागदावर सावल्यांच्या कडा आधी आखायच्या आणि नंतर त्या हलवायच्या नाहीत. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दर वीस मिनिटांनी सावली 'दुरुस्त' करत बसलं की चित्रात दोन वेळांचा उजेड एकत्र येतो. छत्री पांढरी किंवा राखाडीच हवी. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावर तिचाच रंग पडतो, आणि भर उन्हात उघडा कागद ठेवला तर डोळे दिपून चित्र हमखास गडद होतं.

कागद घरीच तयार केलेला आहे. ३०० जीएसएमच्या जलरंगाच्या कागदावर १०० मिली अॅक्रिलिक जेसो (रंगाखाली द्यायचं पांढरं अस्तर), दोन मोठे चमचे बारीक प्युमिस पावडर (खरखरीत दगडाची भुकटी) आणि ४० ते ५० मिली पाणी, त्यात टोनसाठी थोडा बर्न्ट सिएना. एक हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. मागच्या बाजूलाही साधा जेसोचा एक हात द्यावा, नाहीतर कागद गुंडाळतो. प्युमिस जास्त पडलं तर कांड्या चुरचुर झिजतात आणि बारीक रेघ निघत नाही. कमी पडलं तर तिसऱ्या थरानंतर रंग धरत नाही, नुसता घसरतो. हार्डवेअरच्या दुकानातला ४०० नंबरचा वॉटर पेपर सरावाला उत्तम, पण त्याचा पाठकागद आम्लमुक्त नसतो, म्हणून टिकवायच्या चित्राला नको. सेनेलिए कंपनीचा ला कार्त हा पेस्टलचा कागद हाताला फार गोड लागतो, मात्र त्यावर पाण्याचा थेंब पडला की वरचा थरच निघून येतो. श्रावणात तो बाहेर काढूच नये.

श्रावणातला हिरवा हे पेस्टलवाल्यांचं जुनं दुखणं. सेटमधले तयार हिरवे कच्चे आणि थंड असतात, ते शेजारी शेजारी लावले की डोंगर प्लॅस्टिकचा दिसतो. हिरव्याच्या जागी आधी कठीण पेस्टलने नारिंगी-तपकिरी थर द्यावा आणि चपट्या ब्रशने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवावं. कागदाची छिद्रं भरतात आणि दाणे शिल्लक राहतात. तो थर पूर्ण वाळल्यावर ऑलिव्ह, त्यावर पिवळसर हिरवा, आणि मागच्या डोंगराला राखाडी-निळा. खालचा नारिंगी मधूनमधून डोकावू द्यायचा, हिरवा शांत होतो तो त्यानेच. क्रम कायम कठीणाकडून मऊकडे आणि गडदाकडून उजळाकडे. सगळ्यात मऊ कांडी शेवटी. ती आधी लावली तर कागदाचे दात, म्हणजे रंग धरणारा खरखरीतपणा, भरून जातात आणि वर काहीच बसत नाही.

पावसाळी हवेत कांड्या ओल धरतात आणि कागदावर मेणचट सरकतात. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. मळलेल्या कांड्या तांदळाच्या कण्यांत घालून हलवल्या की स्वच्छ निघतात, आणि कण्या थोडी ओलही शोषतात. पेस्टलमधल्या डिंकावर बुरशी येते, म्हणून फ्रेम करताना काच आणि चित्र यांत ४ ते ६ मिमी अंतर हवंच. फिक्सेटिव्ह (भुकटी बसवणारा फवारा) मधल्या थरांना चालतो, शेवटच्या थराला नाही. उजळ जागा बसतात आणि आकाश एक टोन गडद होतं. भुकटी फुंकायची नाही, कागद उभा धरून मागून टिचकी मारायची. नेताना वर बटर पेपर आणि दोन बाजूंना फोम बोर्ड, क्लिपा चारी बाजूंनी.

आता मेण. बाजारात 'मधमाशीचं मेण' म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या वड्यांत पॅराफिनची (खनिज तेलापासूनच्या मेणाची) भेसळ सर्रास असते. खरं मेण मोडलं की तुटलेली बाजू रवाळ आणि मंद दिसते, बोटांत मळलं की मऊ होतं आणि मधाचा वास येतो. पॅराफिन मळताना भुगा होतो. शक्य असेल तर थेट मधपाळांकडून घ्यावं. महाबळेश्वरचा भाग इथून जवळ आहे आणि तिथे सातेरी माश्यांच्या पेट्यांची जुनी परंपरा आहे. पिवळं मेण दगड, माती आणि झाडांना छान, पण आकाशाला नको, कारण निळा त्यात हिरवट होतो. आकाश आणि पाण्यासाठी गाळून पांढरं केलेलं मेण वेगळं ठेवावं. रसायनाने ब्लीच केलेलं मेण कालांतराने पुन्हा पिवळं पडू शकतं.

मीडियमसाठी, म्हणजे ज्यात रंग कालवायचा त्या मिश्रणासाठी, सर्वसाधारण प्रमाण ८ भाग मेण आणि १ भाग डॅमर राळ, वजनाने. या फळ्यांसाठी ६:१ घेतलं आहे, कारण आपल्याकडचा उन्हाळा. राळ वाढली की पृष्ठभाग टणक होतो आणि मऊ पडायला जास्त उष्णता लागते. ४:१ च्या पलीकडे गेलं की ठिसूळपणा येतो आणि कडा टवके उडून जातात. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, डॅमरला मात्र ११० च्या आसपास न्यावं लागतं. सुरुवातीला ती चिकट गोळा होऊन तळाशी बसते. घाई करून आच वाढवायची नाही, ढवळत राहायचं. पूर्ण विरघळल्यावर मलमलीतून गाळून केकच्या साच्यात ओतावं, सालींचे तुकडे कापडात राहतात. पूजेच्या दुकानातली 'राळ' म्हणजे पुष्कळदा पाईनचं रोझिन असतं. ते पिवळं पडतं आणि तडकतं, त्यामुळे डॅमर कलासाहित्याच्या दुकानातूनच आणावी.

रंग लावताना तापमान ७५ ते ९० अंश. थर्मोस्टॅट असलेला विजेचा सपाट तवा वापरावा आणि त्यावर पृष्ठभागाचा थर्मामीटर ठेवावा, बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये. मेणातून धूर दिसला म्हणजे ते जास्त तापलं आहे, आणि तो धूर फुफ्फुसांना वाईट. पंखा तव्याच्या पलीकडे, खिडकीतून हवा बाहेर फेकणारा हवा, डोक्यावरचा नव्हे. मेणाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकायचं नाही, झाकण घालायचं. कोरड्या रंगांत गेरू, रामरज (पिवळी माती) आणि काजळी बिनधास्त चालतात. १०० ग्रॅम मीडियमला १० ते १५ ग्रॅम माती-रंग पुरतो. हरताळ, हिंगूळ आणि शेंदूर मात्र गरम तव्यावर कदापि नकोत: अनुक्रमे आर्सेनिक, पारा आणि शिसं. जुन्या लघुचित्रांत ते आहेत हे खरं, पण तिथे ते तापवत नसत.

आता टोनचा प्रश्न. पेस्टलच्या कणांभोवती हवा असते, म्हणून प्रकाश कणाकणावर विखुरतो आणि रंग उजळ दिसतो. मेणात ती हवा जाते. मेणाचा अपवर्तनांक सुमारे १.४४, खडूचा १.६ च्या जवळपास. फरक इतका थोडा की खडू जवळजवळ पारदर्शक होतो. टायटॅनियम व्हाइटचा २.७ च्या आसपास, म्हणून तो मेणातही पांढराच राहतो. पेस्टलच्या उजळ छटा पुष्कळदा खडू घालून केलेल्या असतात, आणि मेण लागताच त्या मेणबत्तीच्या रंगाच्या होतात. शिवाय कोणत्या कांडीत खडू किती आणि टायटॅनियम किती, हे वेष्टनावर क्वचितच लिहिलेलं असतं.

यावर उपाय एकच, चाचणीपट्टी. नोंदीत वापरलेली प्रत्येक कांडी जाड कागदावर एक इंच रुंद घासायची आणि पट्टीचा अर्धा भाग वितळलेल्या मीडियममध्ये बुडवायचा. शेजारी नऊ पायऱ्यांचा राखाडी टोनपट ठेवून डोळे बारीक करून बघायचं. घाटाच्या पट्ट्यांत फिका निळा-राखाडी चक्क दोन पायऱ्या खाली आला, पिवळट उजेडाचा रंग दीड, तर गडद जांभळा जेमतेम अर्धी. म्हणजे मेणात चित्र नुसतं गडद होत नाही, उजेडाची बाजू सावलीकडे सरकते आणि दोघांतलं अंतर कमी होतं. म्हणून मेणातले उजळ रंग नोंदीपेक्षा दोन पायऱ्या वर, टायटॅनियम घालून मिसळले आहेत आणि सावल्या जवळपास तशाच ठेवल्या आहेत. या पट्ट्या जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक चित्राला त्या उपयोगी पडतात.

फळी १२ मिमी प्लायची, मागून पट्ट्यांची चौकट. अॅक्रिलिक जेसोवर मेण नीट धरत नाही आणि पापुद्र्यासारखं सुटतं. फळीवर सुती कागद गव्हाच्या खळीने चिकटवला आहे. खळीत बुकबाइंडर घालतात तसा चिमूटभर मोरचूद घातला की कसर लागत नाही. इजिप्तमधल्या फय्यूमच्या, लाकडी फळ्यांवर मेणात रंगवलेल्या प्राचीन चेहऱ्यांचं मेण सुमारे दोन हजार वर्षं टिकलं, पण त्यांच्या लाकडाला वाळवंटाची कोरडी हवा मिळाली. आपल्याकडे मेणाला ओलीचं काही होत नाही, लाकडाला होतं. म्हणून फळीच्या मागच्या बाजूला आणि कडांनाही मीडियमचा हात द्यावा.

फळी हाताला कोमट लागेल इतकी तापवून मग नितळ मीडियमचे दोन हात. प्रत्येक थर खालच्या थराशी वितळवून जोडायचा. हीट गन मंद, ४ ते ६ इंच लांब आणि सतत फिरती. पृष्ठभागावर ओली चमक आली की थांबा. आच पुरेशी लागली नाही तर थर वेगळेच राहतात आणि नंतर नखाने सुटतात. जास्त लागली तर रंग वाहतात. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडली तर फळी गार होती किंवा थर जाड होता, कारण आतली हवा बाहेर येताना वाट करते. ब्रश डुकराच्या केसांचेच हवेत, नायलॉन तव्यावर वितळतो.

पायऱ्यांच्या कडा हीट गनखाली फार लवकर विरतात. त्यासाठी मास्किंग टेप लावून रंग, अगदी हलकी आच, आणि मेण कोमट असतानाच टेप ओढायची. गार झाल्यावर ओढली तर कड चिरफाळते. दगडांमधल्या फटी सुईने कोरून त्यांत गडद मेण भरलं, आणि थंड झाल्यावर ब्लेडने वरचं खरवडलं की रेघ दगडात बसल्यासारखी दिसते. इथेच पेस्टल पुन्हा कामाला येतं. खरवडलेल्या मेणावर बोटाने पेस्टल चोळून मंद आच दिली तर दगडाचा खरखरीतपणा जसा हवा तसा मिळतो. भुकटी अगदी थोडी घ्यावी, जास्त झाली की मेण तिला धरू शकत नाही आणि वरचा थर हाताला लागत राहतो.

कृष्णेच्या पाण्याला एन्कॉस्टिकसारखं माध्यम नाही, असं माझं ठाम मत आहे. तळाचा गडद हिरवा, त्यावर पांढऱ्या मेणाचा पातळ नितळ थर, त्यावर पायऱ्यांचं प्रतिबिंब, पुन्हा नितळ थर, आणि शेवटी आकाशाची चमक. खोली खरोखरच आत दिसते. नितळ थर तीन-चारच ठेवावेत. त्यापुढे पांढरं मेणही धुरकट होतं आणि तळाचा रंग हरवतो.

हिवाळ्यात नव्या फळीवर पांढुरकी साय येते. ती बुरशी नव्हे, मऊ सुती कापडाने पुसली की चमक परत येते, आणि पहिल्या काही महिन्यांत असं वारंवार करावं लागतं. फळी उन्हाच्या भिंतीवर, पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गाडीत ठेवू नये. बबल रॅप थेट लावला तर त्याचे गोल ठसे उमटतात, मध्ये बटर पेपर हवा.

राहिलेलं काम: संध्याकाळच्या नोंदीत पायऱ्यांवरचा पिवळा आणि पाण्यातला पिवळा एकच दिसतो आहे. फळीवर पाण्यातला एक पायरी खाली आणून बघायचा आहे, थोडी काजळी आणि पांढरं मेण मिसळून. ६:१ आणि ५:१ च्या छोट्या चाचणीफळ्याही तयार आहेत. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याच्या छपराखाली उभ्या टांगून कोणती आधी ओघळते ते तपासायचं आहे. विदर्भात काम करणाऱ्यांना ५:१ च लागेल असा अंदाज आहे, पण कडांचे टवके पडतात का हे बघितल्याशिवाय ते प्रमाण सुचवणार नाही.